यानाचे पंख लोंबू नयेत म्हणून

लेगोच्या विटांचं मनातलं अंतराळयान बांधताना पोरं हमखास नाकापासून सुरुवात करतात. आधी कणा बांधा. लेगोच्याच टेक्निक या प्रकारातल्या भोकं असलेल्या पट्ट्या पिनांनी जोडून पंखापासून पंखापर्यंत एक आडवा दांडा तयार करा, बाकीचं त्यावर चढवा. दोन्ही टोकांना धरून उचलल्यावर मध्ये वाकत असेल, तर सजावटीचा विचार इतक्यात नको.

खरी गंमत बाजूंची. विटेवरच्या दोन स्टडच्या, म्हणजे गोल उंचवट्यांच्या, मध्यांमधलं अंतर 8 मिमी, पातळ प्लेटची जाडी 3.2 मिमी. पाच प्लेटा एकावर एक रचल्या की 16 मिमी, म्हणजे बरोबर दोन स्टडची रुंदी. ब्रॅकेट, म्हणजे काटकोनात वळलेला तुकडा, लावून प्लेटा आडव्या फिरवताना हा हिशेब पाळला, तर कडेला फट राहत नाही. सगळेच स्टड मात्र झाकू नका. चार उघडे राहिले की ते यंत्रासारखं दिसतं, निदान मला तरी.

यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यात सुटा तुकडा दुकानात कुठला मिळायला! म्हणून आधी लेगोचे सुटे तुकडे मिळणाऱ्या ब्रिकलिंक या वेबसाइटच्या स्टुडिओ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कॉम्प्युटरवर यान जुळवा, मग मोजके तुकडे मागवा. मधूनमधून सेव्ह करत जा, लाइन कधी जाईल नेम नाही.

पांढऱ्या विटा उन्हाने पिवळ्या पडतात, खिडकीत ठेवू नका. धुवायला 40 अंशांपेक्षा गरम पाणी चालत नाही. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटके देतं, तेव्हा सकाळीच धुवा.