ओवो ये स्तोलित्सा: मराठीने दिलेला हात आणि घातलेला खोडा

सर्बियातल्या नोवी सादला नोकरीसाठी आले तेव्हा ऑफिसचं सगळं इंग्रजीत चालायचं. सर्बियन येत नाही म्हणून पहिल्यांदा अडलं ते फुतोश्का पियात्सात, म्हणजे तिथल्या भाजीबाजारात. समोर पांढरट, लोण्यासारखं काहीतरी, आणि ते काय हे विचारायला तोंडात शब्द नाही. (कायमाक होता तो. दुधाची साय साठवून, किंचित खारवून करतात. हातातली पोळी आठवली.)

म्हणून सुरुवात एकाच प्रश्नाने करा: श्ता ये ओवो? हे काय आहे? पण बाजारात लगेच दुसरी गाठ पडते. मराठीत आपलं 'हे' आणि 'ते' दोघांत भागतं. इथे तीन आहेत. माझ्या हातातलं ते ओवो, तुमच्या हातातलं ते तो, आणि दोघांपासून लांब असलेलं ओनो. विक्रेतीच्या हातातल्या वस्तूकडे बोट दाखवून 'श्ता ये ओवो' म्हटलं की ती आधी तुमच्या हाताकडे बघते. तिथे 'श्ता ये तो' हवं. आणि मधला 'ये' गाळू नका. 'हे काय?' एवढ्यावर आपलं निभतं, त्यांचं नाही.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवली. मराठी माणसाला इथे मोठा दिलासा मिळतो, कारण सर्बियनमध्येही आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत. माझा, माझी, माझं तसं मोय, मोया, मोये. ऑफिसातल्या इंग्रज सहकाऱ्याला मेजाला 'तो' का म्हणायचं हे पटवून घ्यायला महिना लागला. आपल्याला ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. शिवाय लिंग ओळखायला बहुतेक वेळा शब्दाचं शेपूट पुरतं. व्यंजनाने संपला तर पुल्लिंगी, 'आ'ने संपला तर स्त्रीलिंगी, 'ओ' किंवा 'ए'ने संपला तर नपुंसकलिंगी. नोझ (सुरी) तो, काशिका (चमचा) ती, म्लेको (दूध) ते.

फक्त मराठीतलं लिंग सोबत नेऊ नका. दूध आणि अंडं (याये) दोन्हीकडे नपुंसक निघाले म्हणून मी खूश झाले होते, पण पुढे सुरी पुरुष झाली, चमचा बाई झाला. दुनाव, म्हणजे डॅन्यूब, तर चक्क 'तो'. नदीला 'तो' म्हणताना माझी जीभ अजून अडखळते.

शेपटाचा नियम मोडणारे थोडे शब्द पहिल्याच आठवड्यात भेटतात. स्तो म्हणजे टेबल. 'ओ'ने संपतो, तरी पुल्लिंगी. (शंभरालाही स्तोच म्हणतात.) सो म्हणजे मीठ, तेही 'ओ'ने संपतं, पण स्त्रीलिंगी. दोघांच्या पोटात एक 'ल' लपलाय. टेबलावर म्हणायचं झालं की तो बाहेर येतो: ना स्तोलु. आपलं सामान्यरूपच हे. 'पाणी'चं 'पाण्यात' का होतं, असं आपण कधी विचारलं होतं?

आता खोडा. खुर्चीवरच्या चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, 'ओवा ये स्तोलित्सा'. स्तोलित्सा स्त्रीलिंगी, म्हणून ओवो न लिहिता ओवा, 'हे' नाही तर 'ही'. मराठीत बरोबरच आहे ना? 'हे काय आहे?' 'ही खुर्ची आहे.' वरच्या मजल्यावरच्या आजी, ज्यांना अख्खी इमारत बाका म्हणते, साखर द्यायला आल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, पेन मागितलं आणि 'ओवा'चं 'ओवो' केलं. सुरीवर मी 'ओवाय' (हा) लिहिलं होतं, तिथेही ओवो.

वस्तूची ओळख करून देताना सर्बियनमध्ये सुरुवातीचा शब्द बदलतच नाही. ओवो ये नोझ, ओवो ये काशिका, ओवो ये म्लेको. खुर्ची ही की हे, हा प्रश्न येतो शब्द नामाला चिकटला की: ओवा स्तोलित्सा, ही खुर्ची. मग तिच्याबद्दल पुढे काहीतरी सांगायचं असतं, नवी आहे, मोडकी आहे. दार मात्र त्यांच्याकडे नेहमी अनेकवचनी, तेव्हा क्रियापद तेवढं बदलतं: ओवो सु व्राता. माकाझे (कात्री) आणि नाओचारे (चष्मा) यांचंही तसंच. मराठी ज्याची मातृभाषा आहे तो नेमका इथेच चुकतो, कारण त्याला लिंग येतं.

लिपीवर मी फार वेळ घालवणार नाही. सिरिलिक आणि रोमन दोन्ही चालतात, दोन्हींत 30 अक्षरं, आणि एका अक्षराला एकच उच्चार. देवनागरीवर वाढलेल्याला हे सोपं जातं. 'त्स'चा उच्चार म्हणजे आपल्या चाकातला, चुलीतला च.

कर्माचं एवढंच लक्षात ठेवा: काफा (कॉफी) मागताना ती काफु होते, येदनु काफु, मोलिम (एक कॉफी, प्लीज). पुल्लिंगी निर्जीव वस्तू तशीच राहते, सजीव बदलतो. 'टेबल बघितलं' पण 'भावाला बघितलं', तोच आपला भेद.

एकदा बाका पोळ्या बघायला आल्या. लाटणं ओळखलं, ओक्लागिया म्हणाल्या. त्यांच्या पिटासाठी (पातळ थरांचा भाजलेला पदार्थ) त्या लांबलचक बारीक लाटण्याने कणीक लाटतात. मग खालच्या गोल पाटावर हात ठेवून विचारलं, "आ श्ता ये ओवो?" पहिल्यांदाच तो प्रश्न मला कुणी विचारत होतं. "ओवो ये पोळपाट." ळ आणि ट त्यांना जमले नाहीत, पोल्पात झाला. पण पुढच्या आठवड्यात येऊन त्यांनी सरळ विचारलं, "ग्दे ये ताय पोल्पात?" कुठंय तो पोळपाट? व्यंजनाने संपतो, म्हणून तो. मी म्हटलं, ना स्तोलु.