लेकरू सांभाळणाऱ्या मावशींचा पगार कंपनीच्या भत्त्यातून कसा बसवायचा

मी वाळूज एमआयडीसीत कामाला आहे, राहायला बजाजनगरला. २६ आठवड्यांची रजा संपली आणि लेकरू रांजणगावहून येणाऱ्या मावशींच्या हवाली केलं. त्यांचा पगार ७,५०० रुपये. पाळणाघराऐवजी कंपनी महिन्याला ४,००० रुपये भत्ता देते. त्यातला पहिला रुपया हाती यायला मला पाच महिने लागले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

अडचणीचं मूळ असं, की हे भत्ते पाळणाघर डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेले असतात. ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय हवी, हे मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीनं आलं. घरी येणाऱ्या बाईचा त्यात उल्लेख नाही. म्हणून फॉर्मवर संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, छापील बिल मागतात. मला एचआरनं तोंडी 'चालेल' म्हटलं आणि पहिले दोन अर्ज परत आले. तेव्हा मावशींना कामावर ठेवण्याआधीच ईमेलवर विचारून घ्या: घरी सांभाळणाऱ्या व्यक्तीची पावती चालेल का, सोबत काय जोडायचं?

नोंदणी क्रमांकाचा प्रश्न महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळानं सोडवला. १८ ते ६० वयाच्या घरकामगार बाईची नोंद कामगार कार्यालयात होते. त्यासाठी ती आपल्याकडे काम करते असा दाखला आपणच द्यायचा. आमच्या एचआरनं तो क्रमांक मान्य केला.

पावती साध्या कागदावर चालते. आधारवर आहे तसंच नाव, लेकराचं नाव, महिना, रक्कम, बँकेचा व्यवहार क्रमांक. ५,००० च्या वर रक्कम असली की १ रुपयाचं महसुली तिकीट लावायचं. पोस्टात एकदम बारा घेऊन ठेवा. मावशी अंगठा देतात, म्हणून खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घेते.

खरी दमछाक बँकेत झाली. मावशींना पगार रोख हवा होता. खात्यावर पैसे दिसले की लाडक्या बहिणीचे १,५०० बंद होतील, ही त्यांची भीती. ती समजून घ्या, रागावू नका. त्या पैशांवर त्यांचं औषधपाणी चालतं. मी त्यांच्यासोबत बसून हिशेब केला: कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला अडीच लाखांची, आणि त्यांचा वर्षाचा पगार ९०,०००. घरात त्या एकट्याच. मग तयार झाल्या.

पण मार्चमध्ये पगार परत आला. त्यांचं खातं शिबिरात, कागद पूर्ण न करता उघडलेलं होतं. अशा लहान खात्यात आर्थिक वर्षात एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाही. पगार आणि लाडकी बहीण मिळून महिन्याला ९,०००. अकरा महिन्यांचे झाले ९९,०००. बारावा पगार बसणार कुठे? त्या महिन्याचा पुरावा नाही म्हणून माझा भत्ताही गेला. म्हणून पहिल्याच आठवड्यात मावशींसोबत बँकेत जा, केवायसी पूर्ण करून घ्या आणि पासबुकावरचं नाव आधारशी जुळतं का ते बघा. नवीन खातं उघडायची घाई नको. नव्या खात्याला सरकारी अनुदानासाठी आधार जोडलं, की लाडक्या बहिणीचे पैसे तिकडे वळतात आणि जुन्या पासबुकात शोधत बसावं लागतं. मोबाइल नंबरही मावशींचाच लावा. आमच्याकडे तो मुलाचा होता, आणि मुलगा सहा महिने ऊसतोडीला.

उचलीचं वेगळं. दिवाळीला मावशींनी १०,००० उचल घेतली. ती मी पगारातून कापली असती तर पावती आणि बँकेतली रक्कम जुळली नसती. म्हणून पूर्ण पगार खात्यावर टाकते, मावशी दर महिन्याला १,००० रोख परत देतात, वहीत दोघींसमोर लिहिते. वेळ अमावस्येला त्या औशाकडे गावी जातात, ते चार दिवस मी खाडे धरत नाही.

माझ्या पगारपत्रकात भत्ता करपात्र धरलाय, तेव्हा ४,००० पूर्ण हाती येत नाहीत. कंपनीचे पैसे कधी २० तारखेला येतात, कधी पुढच्या महिन्यात. मावशींचा पगार १ तारखेलाच जातो, माझ्या पगारातून. त्यांचं खोलीभाडं ५ तारखेला असतं.