पस्तिशीनंतर हाती धनुष्य घेताना

धनुर्विद्या शिकायला आलेला प्रौढ माणूस पहिल्या आठ दिवसांतच विचारतो, की धनुष्य कोणते घ्यावे. पहिले तीन महिने कोणतेच घेऊ नये, हे त्याचे उत्तर आहे आणि ते मी पैसे मोजून शिकलो आहे. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, ऐरोलीतील कार्यालयात दिवसभर खुर्चीला खिळलेला असताना, ‘तुमच्या उंचीला ३४ पौंड म्हणजे काहीच नाही’ या एका दुकानदाराच्या वाक्यावर विसंबून मी धनुष्य विकत घेतले. दीड महिन्यात उजवा खांदा असा धरला, की वरच्या फळीवरचा पिठाचा डबा काढता येईना, आणि ते धनुष्य पलंगाखाली जाऊन पडले.

धनुष्याची दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर, म्हणजे भार, पौंडांत मोजतात. ३४ पौंड म्हणजे साधारण साडेपंधरा किलो. एकदा ओढायला ते खरोखरच जड वाटत नाही. पण एका सकाळी साठ बाण मारले, तर नऊशे किलोंहून अधिक भार ओढून, क्षणभर पेलून मग सोडलेला असतो, आणि हे काम पाठीच्या ज्या स्नायूंनी करायचे त्यांना संगणकापुढे वाकून बसण्याखेरीज दुसरी सवय नसते. म्हणून सुरुवातीला पुरुषांनी साधारण २० ते २४ आणि स्त्रियांनी १६ ते २० पौंडांचे धनुष्य वापरावे. धनुष्यावर लिहिलेला आकडा २८ इंचांच्या ओढीला, म्हणजे दोरी तेवढी लांब खेचली असे धरून, दिलेला असतो. आपली ओढ त्याहून एक इंच कमी असेल तर भार सुमारे दोन पौंडांनी उतरतो. दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटांच्या टोकांमधले अंतर मोजावे आणि त्याला अडीचने भागावे. अंतर १७० सेंटीमीटर असेल तर ओढ ६८ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ २७ इंच येते. हा अंदाज आहे. खरी ओढ ढब बसल्यावरच कळते.

ठाणे आणि नवी मुंबईत मोकळी लांब जागा मिळणे ही पहिली अडचण आहे. वर्ग बहुधा शाळेच्या मैदानाच्या कडेला किंवा क्रीडासंकुलाच्या एखाद्या पट्ट्यात, फुटबॉलची मुले येण्याआधी सकाळी भरतात. प्रवेश घेण्यापूर्वी एकदा नुसते जाऊन पाहावे. लक्ष्याच्या मागे भिंत, मातीचा बांध किंवा जाळी आहे का, बाण चालू असताना कोणी आडवे जाऊ शकते का, नवशिक्यांना वापरायला हलकी धनुष्ये आहेत का, डावखुऱ्यांसाठी वेगळे धनुष्य आहे का आणि प्रशिक्षक एका वेळी किती जणांकडे पाहतो, हे विचारावे. शुल्काचा प्रश्न यानंतरचा. इमारतीच्या गच्चीवर किंवा सोसायटीच्या वाहनतळात सराव करण्याचा मोह कोणीही धरू नये, कारण २० पौंडांच्या धनुष्याचा बाणही शंभर मीटरपलीकडे सहज जातो.

वर्गात बरोबरीची बहुतेक मंडळी दहा-बारा वर्षांची असतात, याची मनाची तयारी ठेवावी. दोरी सुटताना डाव्या हाताच्या आतल्या बाजूला फटका बसून माझ्या कोपराखाली वांग्याच्या रंगाचा डाग उठला होता, तेव्हा शेजारच्या सहावीतल्या मुलीने बाण लावता लावता सांगितले, ‘काका, कोपर बाहेर फिरवा ना.’ तिचे बरोबर होते. धनुष्याचा दांडा धरणारा हात सरळ ठेवून खांदा न उचलता फक्त कोपर बाहेरच्या बाजूला वळवले, की दोरीच्या वाटेत हात येत नाही. हातावरचे पट्टीचे संरक्षक, ज्याला सगळे आर्मगार्ड म्हणतात, ते लावायचेच. पण ते चुकीवरचे औषध आहे.

कोणत्या हाताने ओढायचे हे हातापेक्षा डोळ्यावर ठरते. दोन्ही तळहातांचा मिळून एक लहान त्रिकोण करावा, समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी त्यातून पाहावी आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून हात हळूहळू चेहऱ्याकडे आणावेत. त्रिकोण ज्या डोळ्यापाशी येऊन थांबतो तो आपला प्रबळ डोळा. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ निघाला, तर पहिल्याच दिवशी प्रशिक्षकाला सांगून डाव्या हाताचे धनुष्य वापरून पाहावे. सहा महिन्यांनी बाजू बदलणे फार जिवावर येते.

आता मुख्य कामाकडे वळू. पाय खांद्याएवढ्या अंतरावर, बाण मारण्यासाठी जमिनीवर आखलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ठेवावेत. बाणाच्या तीन पिसांपैकी वेगळ्या रंगाचे पीस धनुष्याच्या दांड्यापासून बाहेरच्या बाजूला राहील असा बाण दोरीत अडकवावा. दोरीवर तीन बोटे येतात, तर्जनी बाणाच्या वर आणि मधली व अनामिका बाणाखाली. भाजीची भरलेली पिशवी बोटांच्या पेरांत लटकवून आपण स्थानकावरून घरी येतो, तेव्हा मूठ आवळलेली नसते आणि मनगट सैल असते. दोरी नेमकी तशीच, पहिल्या पेराच्या घडीत अडकवायची असते. एकलव्याच्या अंगठ्याची गोष्ट घरोघरी ठाऊक आहे, पण ऑलिम्पिकच्या पद्धतीत दोरी ओढताना अंगठ्याला काहीच काम नसते. तो तळहाताकडे मुडपून ठेवतात. धनुष्य धरणाऱ्या हातानेही दांडा आवळायचा नसतो. अंगठ्याच्या बुडाच्या उशीवर तो टेकलेला राहतो आणि सुटल्यावर खाली पडू नये म्हणून बोटांना दोरीचा लहान फास असतो.

ओढताना हात मागे नेण्याचा विचार केला, की दंड थरथरू लागतो. त्याऐवजी उजव्या कोपराने मागच्या माणसाला हलकेच ढोसायचे आहे असे समजावे, म्हणजे पाठीच्या फऱ्याचे हाड मणक्याकडे सरकते आणि भार तेथे जातो. हात हनुवटीखाली टेकतो, दोरी ओठांना आणि नाकाच्या शेंड्याला स्पर्श करते. या ठरलेल्या जागेला मैदानावर सगळे अँकर म्हणतात. बंदुकीला मागचा नेम असतो, धनुष्याला नसतो. त्याचे काम हा अँकर करतो. तो अर्धा सेंटीमीटर हलला तरी १८ मीटरवर बाण अर्धी वीत वर-खाली जातो, म्हणून तो रोज, प्रत्येक बाणाला, तोच असावा लागतो. शेवटी बोटे उघडायची नसतात. पाठीची ओढ चालू ठेवून बोटांतला ताण सोडला की दोरी आपली आपण निसटते, आणि हात गळ्याला घासत मागे जातो. बाण लक्ष्यात बसल्याचा आवाज येईपर्यंत जागचे हलू नये.

हे सारे शिकण्यासाठी पहिले काही आठवडे लक्ष्यावरचा रंगीत कागद काढून टाकावा. पाच मीटरवरून, कोऱ्या गादीवर, अँकरला आल्यावर डोळे मिटून बाण सोडावा, म्हणजे दोरी ओठाला लागली की नाही हे नीट कळते. प्रौढांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, कारण त्यांना गुण मोजायची घाई असते. त्यानंतर दहा मीटर आणि मग अठरा. बाण पिवळ्या वर्तुळात गेले की नाही यापेक्षा ते एकमेकांजवळ पडले की नाही हे पाहावे. सगळे डावीकडे एकत्र पडत असतील तर साईट, म्हणजे धनुष्यावरचे नेम धरायचे साधन, तीही डावीकडे सरकवावी, म्हणजे बाण जिकडे गेले तिकडेच साईट न्यायची.

शिट्ट्यांची भाषा पहिल्या दिवशी पाठ करावी. दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे बाण सुरू करा, तीन म्हणजे बाण काढायला चला आणि पाच किंवा अधिक म्हणजे ओढलेली दोरीसुद्धा हळूच परत आणून ताबडतोब थांबा. बाण काढताना लक्ष्याच्या बाजूला उभे राहावे, एक तळवा बाणाजवळ गादीवर दाबावा आणि मागे कोणी नाही हे पाहून बाण सरळ ओढावा. बाण न लावता दोरी ओढून कधीही सोडू नये. बाणाला जाणारी सगळी शक्ती धनुष्याच्या पात्यांत, म्हणजे दांड्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागांत, उलटते आणि ती तडकतात. कार्बनचा बाण कशावर आदळला असेल तर हलकेच वाकवून कान लावावा. कडकड ऐकू आली तर तो टाकून द्यावा, कारण असा बाण सुटताना फुटून हातात घुसू शकतो.

प्रकार तीन आहेत. बांबूचे भारतीय धनुष्य स्वस्त पडते आणि त्याची स्पर्धा ३० व ५० मीटरवर होते. रिकर्व्ह हे ऑलिम्पिकमधले धनुष्य. त्यात ७० मीटरवरच्या १२२ सेंटीमीटरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १२.२ सेंटीमीटरचे असते. कंपाउंडला चाके असल्यामुळे पूर्ण ओढल्यावर भार एकदम हलका होतो. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंडमध्येच वैयक्तिक सुवर्ण जिंकले, त्यामुळे आता पुष्कळांना थेट तेच हवे असते. माझे मत मात्र असे, की हौशी प्रौढाने रिकर्व्हवर शिकावे. कंपाउंड महाग असते आणि त्याची दोरी बदलायलाही वेगळे यंत्र लागते.

तीन महिन्यांनंतर घ्यायचेच असेल तर दांडा आणि पाती वेगळी होणारे धनुष्य घ्यावे. दांडा वर्षानुवर्षे टिकतो आणि भार वाढवताना फक्त पाती बदलावी लागतात, शिवाय सुटे केलेले धनुष्य पाठीवरच्या पिशवीत मावते, जे ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत फार सोयीचे पडते. दोरी चढवायला स्ट्रिंगर, म्हणजे त्यासाठीचा खास दोर, तोच वापरावा, पायात अडकवून चढवली की पाते पिळते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत धनुष्य ठेवू नये, कारण उष्णतेने पात्यांच्या थरांतला चिकटा सैल होतो.

पावसाळ्यात मैदान चिखलाचे होते आणि बहुतेक वर्ग बंद पडतात किंवा सभागृहात जातात. हे चार महिने वाया घालवू नयेत. अठरा मीटरचा सराव सभागृहात होऊ शकतो, आणि घरी व्यायामाच्या रबरी पट्ट्यावर रोज दहा मिनिटे अँकरपर्यंतची ओढ घोटता येते. खाडीकाठच्या दमट हवेत स्क्रूंना गंज चढतो आणि पिशवीला बुरशी येते. पुसून, तेलाचा हात लावून, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या पिशवीत टाकाव्यात.

भार कधी वाढवावा, याची कसोटी सोपी आहे. दिवसाच्या शेवटच्या बाणालाही अँकरवर दहा सेकंद न थरथरता थांबता आले आणि दुसऱ्या दिवशी खांदा दुखला नाही, तर दोन पौंड वाढवावेत, त्याहून अधिक नाही. पलंगाखालचे माझे ३४ पौंडांचे धनुष्य मी बाहेर काढले, तेव्हा २२ पौंडांवरून सुरुवात करून दोन वर्षे उलटली होती.