चित्रांनी भरलेल्या आलिशान रेस्टॉरंटमध्ये खुर्ची कशी निवडावी

स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या क्रोनेनहाले रेस्टॉरंटसारख्या ठिकाणी शागाल, मिरो या नामवंत चित्रकारांची मूळ चित्रं जेवणाच्या टेबलांशेजारीच लावलेली आहेत. अशा जागी भिंतीला टेकलेली गादीची बैठक मानाची समजून पाहुण्याला दिली जाते. पण तिथे बसणाऱ्याच्या डोक्यावर असलेलं चित्र फक्त समोरच्यालाच दिसतं! म्हणून बुकिंग करतानाच सांगा, "अमुक चित्राकडे तोंड करून बसायचं आहे." ऐनवेळी टेबल बदलून मिळणं कठीण असतं.

दालन भरल्यावर चित्रांजवळ उभं राहिलं की जेवणाऱ्यांना अडचण होते. पहिल्या वेळेचं बुकिंग घ्या, पंधरा-वीस मिनिटं आधी पोहोचा आणि दालन पाहू द्याल का, असं विचारा. बहुतेक ठिकाणी आनंदाने दाखवतात. फोटोला फ्लॅश नकोच. काचेत दिव्याचं प्रतिबिंब येत असेल तर थोडं तिरकं उभं राहा. पाठीवरची बॅग आधी काढून हातात घ्या, वळताना तीच चित्राला घासते.

टेस्टिंग मेन्यूला, म्हणजे शेफने ठरवलेल्या अनेक छोट्या पदार्थांच्या क्रमवार जेवणाला, अडीच-तीन तास लागतात आणि बहुधा तो टेबलावरच्या सगळ्यांनाच घ्यावा लागतो. ॲलर्जी किंवा पथ्य किमान दोन दिवस आधी कळवा, कारण स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून काढलेला अर्क) आणि सॉस आधीच तयार होतात; टेबलावर बसून सांगितलं तर पदार्थातून घटक वगळतात, चव मात्र अर्धवट राहते. बाटलीबंद पाण्याचे पैसे वेगळे लागतात का, तेही आधीच विचारा. टिप देण्यापूर्वी बिलात सर्व्हिस चार्ज आहे का, ते बघा.