योजनेच्या पैशानं मत फिरलं का? आपल्या गावात असं तपासा

निकाल लागला की टपरीवर दोनच निष्कर्ष निघतात, एकतर "लाडक्या बहिणीनं तारलं" नाहीतर "पैशाला भुलून कोण मत देतंय राव". दोन्ही सोडा. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला साताऱ्यात आठच्या आठ जागा महायुतीच्या आल्या, पण शेजारी सांगलीत इस्लामपूर, तासगाव, पलूस-कडेगाव महाविकास आघाडीकडंच राहिले, आणि लाडकी बहीणचे महिन्याला १५०० तर तिथल्या बायकांच्या खात्यावर पण येतच होते की.

म्हणून आधी फॉर्म २० काढा. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर पीडीएफ असतो, बूथवार मतं मिळतात. आपल्या गावचे २०२४ च्या लोकसभेचे आणि विधानसभेचे आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा. नुसत्या बूथ नंबरवर जाऊ नका, शाळेचं नाव बघून जुळवा. आणि सांगलीकरांनो, लोकसभेला काँग्रेसचे बंडखोर विशाल पाटील अपक्ष होते, चिन्ह लिफाफा, त्यामुळं पक्षातून पक्ष वजा केला तर गणित गंडणारच. साताऱ्यात तुतारी-पिपाणीचा घोळ झालेला (तुतारी शरद पवारांच्या राष्ट्रवादीचं चिन्ह, पिपाणी तिच्यासारखंच वाटणारं एका अपक्षाचं), पिपाणीची मतं वेगळी धरा.

आता फॉर्म २० मधे बायकांचं मत वेगळं कळत नाही, त्यासाठी गिरणीत नाहीतर बचत गटाच्या मीटिंगला बसावं लागतं. "पैसे मिळाले म्हणून मत दिलं का" असं विचारू नका, हो कोण म्हणेल? पैसे कशाला गेले ते विचारा. आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, पाच महिन्यांचे ७५०० आले, बचत गटाचा थकलेला हप्ता भरला, बाकीचे पोराच्या फीला, आणि मग आपणहून तेलाच्या डब्यावर घसरल्या, ऐन दिवाळीच्या तोंडावर केवढ्याला गेला म्हणून (सप्टेंबरातच केंद्रानं आयात शुल्क वाढवलेलं). आघाडी तर ३००० देणार होती की, असं म्हटलं तर, "ते देतो म्हणत्यात, ह्यांचा मेसेज आला." मत कुणाला ते शेवटपर्यंत सांगितलं नाही, मी पण ताणलं नाही.

गड्यांना ऊसदर आणि साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं माफ झालेलं बिल विचारा, दहा मिनिटांत साखर कारखान्याच्या राजकीय गटावर येतात. गावच्या सोसायटीच्या निवडणुकीपासून विधानसभेपर्यंत एकाच गटाला जाणारा बूथ असेल तर तो हिशोबातून काढूनच टाका, तिथं योजना असली काय नसली काय.

आणि ज्यांचा लाडकी बहीणचा हप्ता मधेच बंद पडला त्या घरांची वेगळी यादी आत्ताच करून ठेवा, पुढच्या निकालानंतर विचारलं तर आठवणी बदललेल्या असतात.