बेससाठी स्वस्त ऑडिओ इंटरफेस घेताय? या चुका टाळा

ऑडिओ इंटरफेस म्हणजे बेस गिटारचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी डबी. तिच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं: १९२ किलोहर्ट्झ, म्हणजे आवाजाचे सेकंदाला १,९२,००० नमुने. बेस वाजवणाऱ्याला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. चार तारी बेसची खालची ई तार ४१ हर्ट्झला वाजते, पाच तारीची बी ३१ हर्ट्झला. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट (प्रत्येक नमुन्याची बारकाई) एवढ्यात सगळं मावतं, स्लॅपचा, म्हणजे अंगठ्याने तार ठोकल्याचा, टणत्कारसुद्धा. चार किंवा आठ इनपुटांचीही गरज नाही. पैसे मोजायचे ते एकाच गोष्टीचे: बेसची केबल ज्या भोकात जाणार, ते इनपुट कसं आहे.

पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या, बेसचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढे घातलेली बारीक तार. त्याला पुढे १ मेगाओहम किंवा त्याहून जास्त इम्पिडन्स (विद्युत अडथळा) लागतो. कीबोर्ड, मिक्सर यांच्यासाठीच्या लाइन इनपुटचा असतो साधारण १० ते ५० किलोओहम. तिथे बेस लावला की पिकअपवर भार पडतो, वरचे सूर मरतात आणि रजईखालून वाजवल्यासारखा आवाज येतो. मग लोक ईक्यूमध्ये ट्रेबल (वरचे सूर) चढवतात आणि नुसती खरखर वर येते. बऱ्याच वेळा दोष एका बटणाचा असतो. फोकसराइटच्या स्कारलेटसारख्या इंटरफेसवर ‘इन्स्ट’ (इन्स्ट्रुमेंट) बटण दाबावं लागतं, नाहीतर जॅक लाइन म्हणूनच चालतो. बेरिंगरच्या यूएम२ वर बटण नाही, तिथे गिटार-बेससाठी दुसरं, वेगळं भोक आहे. पहिल्यात घातलात तर तीच रजई.

दुसरा आकडा फारसं कोणी बघत नाही: इन्स्ट्रुमेंट इनपुटची कमाल पातळी, डीबीयू या सिग्नलच्या मापात. ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवरच्या, बेसमधला ९ व्होल्टचा प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारं सर्किट) कितीही जोरात वाजवला तरी वर-खाली ४.५ व्होल्टच्या पलीकडे जाऊ शकत नाही. +१२ डीबीयू म्हणजे सुमारे ४.४ व्होल्टचं शिखर, म्हणजे हिशेब जमला. तिसऱ्या पिढीच्या स्कारलेट सोलोचा आकडा १२.५ आहे. इनपुट +६ वरच संपत असेल, तर गेन (इनपुट वाढवायची घुंडी) शून्यावर ठेवूनही स्लॅपला लाल दिवा लागणार, म्हणजे आवाज फाटणार. १८ व्होल्टचा बेस असेल तर सिग्नल कमी करणारं पॅड बटण हवंच. नसेल तर एक सोपी पळवाट: ‘इन्स्ट’ बंद करून ॲक्टिव्ह बेस लाइनमध्ये लावा. त्याचा आउटपुट इम्पिडन्स कमी असल्यामुळे सूर मरत नाहीत. पॅसिव्ह बेसला मात्र ही युक्ती चालत नाही.

गेन ठरवताना बोटांनी हळू वाजवू नका. गाण्यातला सगळ्यात जोरकस भाग वाजवा आणि शिखर उणे १२ ते उणे ८ डीबीच्या दरम्यान ठेवा. लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकत असाल तर ४१ हर्ट्झ ऐकूच येणार नाही आणि हात उगाच गेनकडे जाईल. हेडफोन लावा.

ॲम्प आहे म्हणून त्याचं स्पीकर आउटपुट इंटरफेसला कधीही जोडू नका, इंटरफेस जळेल. ॲम्पला डीआय आउट (रेकॉर्डिंगसाठीचं वेगळं आउटपुट) असेल तर ते एक्सएलआर (तीन पिनी माइकच्या) केबलने माइक इनपुटला द्या, आणि माइकला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण बंद असल्याची खात्री करा.

विंडोजवर वाजवलेलं उशिरा ऐकू येत असेल तर आधी ड्रायव्हर बघा. कंपनीचा स्वतःचा एएसआयओ (उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर आहे का, हे विकत घेण्याआधीच तपासलेलं बरं. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी साठवतो तेवढे नमुने, १२८ वर असेल तर ४८ किलोहर्ट्झला एका बाजूचा उशीर २.७ मिलिसेकंद होतो. ५१२ वर तो १०.७ होतो आणि ताल सुटायला लागतो. डायरेक्ट मॉनिटरिंग (कॉम्प्युटरमधून न जाता थेट इंटरफेसमधून ऐकणं) वापरत असाल तर सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा. दोन्ही चालू राहिली की बेस पोकळ, दुहेरी ऐकू येतो.

बेस एकाच कानात वाजतोय? ट्रॅक स्टीरिओ घेतलाय. मोनो करा आणि ज्या इनपुटला केबल आहे तोच निवडा.

सतत गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली, तर दोष विजेच्या बाजूचा. टेक बॅटरीवर घ्या, किंवा चार्जर नीट अर्थिंग असलेल्या तीन पिनी सॉकेटला लावा. अर्थची पिन मोडून गुणगुण घालवणारे महाभाग आहेत, त्यांचं ऐकू नका. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर इंटरफेसला दोष देऊ नका, बेसचं शील्डिंग (आतलं, बाहेरची गुणगुण अडवणारं आवरण) बघा.

आणि ॲक्टिव्ह बेस अचानक मुका झाला तर केबलचं टोक पाहा. प्लगवर दोन काळ्या रेघा असतील तर ती स्टीरिओ केबल आहे. बेसची बॅटरी साध्या, एका रेघेच्या प्लगनेच चालू होते. आवाज येतोय पण फाटका आणि दबका, तर ९ व्होल्टची बॅटरी बदला. रात्रभर केबल बेसमध्येच खोचून ठेवली तर ती उतरतच राहते.