जखम भरून येण्यावर वनस्पतींचे अर्क तपासताना : बेळगाव भागातील फार्मसीच्या विद्यार्थ्यांसाठी

खानापूर, निपाणी, बेळगाव या भागांतून एम.फार्म.ला येणाऱ्या अनेकांच्या मनात संशोधनाचा विषय आधीच घर करून असतो. शेतात खुरपे किंवा विळा लागला की घरची माणसे बांधावरचा पाला चुरगळून त्याचा रस जखमेवर पिळतात. तो रस खरोखर काम करतो की जखम आपोआपच भरते, हा प्रश्न लहानपणापासून सोबत असतो. माझाही विषय याच वाटेने आला. प्रयोगशाळेत काम केल्यावर जे पटले ते आधीच सांगते : प्रयोगासाठी उंदराच्या पाठीवर जखम करण्यापूर्वीच या कामाचा बराचसा निकाल लागलेला असतो, कारण वनस्पती कोणती, अर्क कशात काढला, तुलना कशाशी केली आणि मोजमाप कोणी केले, यांवरच तो उभा असतो.

वनस्पती निवडताना जंगलातल्या दुर्मीळ झाडाचा मोह पडतो. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, कणकुंबी-जांबोटीकडचे रान समृद्ध आहे. पण अभयारण्यातून वन खात्याच्या परवानगीशिवाय पानही तोडता येत नाही, आणि परवानगीच्या कागदांत एखादे सत्र सहज निघून जाते. त्यापेक्षा दगडी पाला (याला एकदांडीही म्हणतात) किंवा रानमोडी यांसारखी बांधावर, रस्त्याकडेला मुबलक वाढणारी तणे नवख्याला सोयीची. दोन्ही मूळची अमेरिका खंडातली, पण आपल्याकडच्या घरगुती उपचारांत पुरती रुळलेली. दगडी पाल्यावर पूर्वी भरपूर काम झाले आहे, अशी हरकत गाईड घेतील आणि ती रास्त आहे. अशा वेळी वनस्पती बदलण्याऐवजी प्रश्न बदलावा : अर्काचा कोणता भाग परिणामकारक आहे, किती टक्क्यांच्या मलमात तो दिसतो, नुसत्या पाण्यातल्या अर्कात तो टिकतो का. अनोळखी वनस्पतीपेक्षा नेमका प्रश्न मला नेहमीच अधिक मोलाचा वाटत आला आहे.

नमुना आणताना नुसती पाने आणू नयेत. मूळ, खोड, फूल असलेले पूर्ण रोप वर्तमानपत्रात दाबून वाळवावे, आणि जागा व तारीख तिथल्या तिथे लिहावी. बेळगावातच आयसीएमआरची राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था आहे, ही आपल्या भागाची मोठी सोय होय. तिथून किंवा वनस्पतिशास्त्राच्या जाणकार प्राध्यापकांकडून ओळख पटवून घ्यावी आणि हर्बेरियमचा (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा) क्रमांक जपून ठेवावा, कारण तो प्रबंधात द्यावा लागतो.

आपल्या पावसाचा हिशेब या कामात फार महत्त्वाचा आहे. जून ते सप्टेंबर या काळात सावलीत पसरलेला पाला वाळण्याऐवजी कुबट होतो आणि त्यावर बुरशी धरते. असा पाला सरळ टाकून द्यावा. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तण भरात असते आणि हवाही कोरडी होते. देठ वाकवल्यावर लवचिकपणे न वळता कट्‌ करून मोडला, की पाला दळायला तयार झाला असे समजावे. भरड पुडीतले तेलकट व मेणचट घटक आधी पेट्रोलियम ईथरने काढून टाकतात, मग सॉक्सलेटमध्ये (गरम द्रावक पुडीतून पुन्हापुन्हा फिरवणाऱ्या काचेच्या उपकरणात) किंवा नुसते भिजवून अल्कोहोलमध्ये अर्क काढतात आणि रोटरी इव्हॅपोरेटरवर (फिरत्या फ्लास्कमधून कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) कमी तापमानात आटवतात. शेवटी हाती येतो तो काकवीसारखा दाट, काळपट हिरवा, बोटाला चिकटणारा गोळा. त्याचे वजन, टॅनिन व फ्लॅव्होनॉइड या वनस्पतिजन्य रसायनांच्या चाचण्या, हे सारे त्याच दिवशी वहीत यावे. मात्र घरी लावतात तो ताजा रस असतो आणि आपण तपासतो तो अल्कोहोलमधला अर्क. त्यामुळे निष्कर्षही त्या अर्कापुरताच लिहावा लागतो. व्हायव्हामध्ये (तोंडी परीक्षेत) परीक्षक बहुधा इथेच बोट ठेवतात.

प्राण्यांवरील प्रयोगांना १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील केंद्रीय समितीचे नियम लागू आहेत, आणि महाविद्यालयाच्या प्राणी नीतिशास्त्र समितीच्या मंजुरीशिवाय एकाही उंदराला हात लावता येत नाही. समितीची बैठक आपल्या सोयीने भरत नाही, म्हणून सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) पक्का होताच अर्ज करावा. प्राण्यांची संख्या का हवी, भूल व वेदनाशामक कोणते, उंदराने खाणे सोडले किंवा जखम चिघळली तर काय करणार, ही उत्तरे लेखी तयार ठेवावीत. काचेच्या बशीत वाढवलेल्या फायब्रोब्लास्ट (जखम भरताना नवी ऊती घडवणाऱ्या) पेशींच्या थरावर ओरखडा काढून तो किती लवकर बुजतो हे आधी तपासले असेल, तर प्राण्यांची मागणी अधिक समर्थनीय ठरते आणि निकामी अर्क वेळीच गळतो.

साधारणपणे चार गट करतात : नुसत्या मलमाच्या बेसचा (अर्क न घातलेल्या स्निग्ध मिश्रणाचा), पोव्हिडोन आयोडीन किंवा फ्रॅमायसेटिनसारख्या प्रचलित औषधाचा, आणि ५ व १० टक्के अर्काच्या मलमाचे दोन, प्रत्येकात सहसा सहा उंदीर. यांतला पहिला गट अनेकांना केवळ औपचारिक वाटतो, पण सगळ्या प्रयोगाचा कणा तोच आहे. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांत दाखवले, की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघडी कोरडी पडलेल्या जखमेपेक्षा लवकर नव्या त्वचेने झाकली जाते. मलमाचा स्निग्ध थर ओलावा धरतोच. त्यामुळे मलम लावलेल्या उंदरांची तुलना काहीच न लावलेल्या उंदरांशी केली, तर श्रेय अर्काचे की बेसचे, हे कळायला मार्ग उरत नाही.

मोजमापात खरा कस लागतो. पाठीवरची उघडी जखम सुमारे ५०० चौरस मिलिमीटरची करतात आणि ठरावीक दिवसांच्या अंतराने तिच्यावर पारदर्शक कागद ठेवून बारीक मार्करने कडा गिरवतात. मग तो आकार आलेख कागदावर ठेवून मिलिमीटरचे चौकोन मोजतात. ५०० वरून १२५ वर आली, तर जखम ७५ टक्के आकसली. ऐकायला सोपे आहे, पण प्रत्यक्षात उंदीर श्वास घेत असतो, कातडी ताणावी तशी ताणली जाते, आणि खपलीची कड धरावी की खालच्या लालसर भागाची, हा प्रश्न दर वेळी पडतो. नियम पहिल्याच दिवशी ठरवावा आणि शेवटपर्यंत मोडू नये. गिरवणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे माहीत नसावे. मैत्रिणीकडून पिंजऱ्यांना सांकेतिक क्रमांक घालून घेतले तरी काम भागते. खपली आपोआप गळून खाली ओली जखम उरत नाही, तो दिवस वेगळा नोंदवतात.

एवढ्यावर थांबू नये. उंदराची कातडी सैल असते आणि तिच्याखाली स्नायूचा एक पातळ थर असतो, त्यामुळे त्याची जखम मुख्यतः आकसून मिटते. माणसाची जखम बव्हंशी नव्या ऊतींनी भरून आणि वरून त्वचा येऊन बरी होते. म्हणून सरळ छेद देऊन टाके घातलेल्या जखमेची ताणशक्ती मोजणे आणि नव्या ऊतीतील हायड्रॉक्सिप्रोलिन तपासणे, यांची जोड द्यावी. हे अमिनो आम्ल प्रामुख्याने कोलॅजेनमध्ये असल्याने त्याच्या प्रमाणावरून कोलॅजेनचा अंदाज येतो. सूक्ष्मदर्शकाखाली मॅसनच्या ट्रायक्रोम रंगाने कोलॅजेनचे धागे निळे दिसतात. या काचपट्ट्या पॅथॉलॉजीच्या तज्ज्ञाकडूनच वाचून घ्याव्यात.

रोजच्या कामाविषयी थोडेसे. उंदीर एकमेकांच्या जखमा चाटतात, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा लागतो आणि तूस वरचेवर बदलावे लागते. मलम रोज लावायचे असते, रविवारीही. खानापूरहून रोज ये-जा करणाऱ्याने गणेशोत्सव किंवा दिवाळीच्या तोंडावर प्रयोग सुरू करू नये. बेळगावच्या विसर्जनाच्या दिवशी ॲनिमल हाउसपर्यंत पोहोचणे हेच एक दिव्य असते.

आणखी एक गोष्ट प्रत्येकाच्या वाट्याला येते. घरी आणि शेजारीपाजारी कळले, की कोणीतरी येऊन म्हणते, "मामांच्या पायाची जखम महिनाभर भरत नाही, साखर आहे त्यांना, तुझ्या मलमाची एक डबी दे की." ती डबी देऊ नये. ते मलम निर्जंतुक केलेले नसते, माणसांवर तपासलेले नसते, आणि मधुमेहातल्या पायाच्या जखमेचे मूळ पुष्कळदा रक्तपुरवठ्यात व बधिर झालेल्या नसांत असते, जे आपल्या निरोगी उंदरांत मुळीच नव्हते. मामांना सर्जनकडे न्यायला सांगावे, आणि उरलेले मलम प्रयोग संपताच महाविद्यालयाच्या नियमाप्रमाणे नष्ट करून तशी नोंद वहीत करावी.